खिडकीपासून शिरेपर्यंत

टेंभी नाक्याच्या आसपास मेडिकलच्या दुकानांना तोटा नाही. सिव्हिल हॉस्पिटल इथे होतं तोवर तर हातात चिठ्ठी घेऊन रात्रीबेरात्री धावणारी माणसं या रस्त्याच्या सवयीची झाली होती. आता नऊशे खाटांच्या नव्या इमारतीसाठी सिव्हिलचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलला आहे, पण चिठ्ठी, काउंटर आणि काउंटरपलीकडचा घाबरा चेहरा हे दृश्य ठाण्याहून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठेही तेच असतं. आमच्यातल्या कितीतरी फार्मासिस्टांनी पहिले धडे अशाच काउंटरवर गिरवले. चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, बॅच आणि एक्सपायरी बघायची, बिल करायचं. माणूस पायऱ्या उतरला की आपलं काम संपलं.

आयसीयूत काम करायला निघालेल्या मुलामुलींना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की काम संपायची ही जागा तिथे बदलते. इंडेंट आलं, इंजेक्शन खिडकीतून वर गेलं, रजिस्टरवर सही झाली, तरी औषध अजून वाटेतच असतं. ते कुणीतरी विरघळवणार आहे, कशात तरी मिसळणार आहे, कुठल्यातरी नळीतून कुठल्यातरी वेगानं सोडणार आहे. पेशंटच्या शिरेत ते नीट पोचलं आणि हवा तो परिणाम दिसला, तेव्हा आपलं काम झालं. खिडकीपासून शिरेपर्यंतची ही वाट वीस-पंचवीस पावलांची असते, आणि बहुतेक घोटाळे त्या पावलांमध्येच होतात.

आधी पात्रतेचं थोडक्यात सांगते. डी.फार्म. किंवा बी.फार्म. आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी एवढं हॉस्पिटलच्या फार्मसीत उभं राहायला पुरतं. कौन्सिलचं कार्यालय मुलुंडला, म्हणजे ठाण्याच्या वेशीवरच आहे. २००८ पासून आपल्याकडे सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आहे. त्यात शेवटचं अख्खं वर्ष हॉस्पिटलात काढावं लागतं, त्यामुळे ही मुलं वॉर्डात बिचकत नाहीत. बी.फार्म. झालेल्यांना तीन वर्षांत फार्म.डी. करता येतं, किंवा फार्मसी प्रॅक्टिसमध्ये एम.फार्म. आहे. पुढे क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून नाव लावायचं असेल तर यातलं काहीतरी करा. पण डी.फार्म.वाल्यांनी मागच्या बाकावर बसण्याचं कारण नाही. रोज जिना चढून वर गेलेल्या डी.फार्म. फार्मासिस्टाला आयसीयूतलं जेवढं कळतं, तेवढं खिडकीत बसून राहिलेल्या मोठ्या पदवीवाल्याला कळत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

माझीच चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती, हॉस्पिटल कुठलं ते महत्त्वाचं नाही. आयसीयूत इन्सुलिनचा पंप लावायचा असला की पन्नास युनिट रेग्युलर इन्सुलिन पन्नास मिली सलाईनमध्ये घालायचं, म्हणजे एका मिलीत एक युनिट, असा हिशेब ठरलेला. आमच्याकडे ४० युनिटची व्हायल यायची. त्यामुळे सव्वा मिली इन्सुलिन काढायचं, हे सिस्टरांच्या हाताला पाठ. त्या आठवड्यात ४० ची व्हायल मिळाली नाही आणि स्टोअरला १०० युनिटची आली. मी ती नीट नोंदवली, फ्रिजमधून काढली, आइसपॅकबरोबर वर पाठवली. वर सवयीच्या हातानं सव्वा मिली काढलं गेलं. झालं काय, पन्नासऐवजी सव्वाशे युनिट. पहाटे तीनला पेशंटची साखर ५८ वर आली. सिस्टर जागरूक होत्या, तासातासाला साखर बघत होत्या, म्हणून पंप वेळेत थांबला, २५ टक्के डेक्स्ट्रोज गेलं आणि पेशंट सावरला.

सकाळी कागद तपासले तर माझ्या खिडकीत काहीच चुकलेलं नव्हतं. इंडेंटवर ‘रेग्युलर इन्सुलिन एक व्हायल’ असं होतं, मी तेच दिलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की मी वर जाऊन ‘सिस्टर, आज १०० ची आली आहे’ हे सांगितलं नव्हतं. लेबलावर छापलेलं होतं, पण पहाटेच्या घाईत छापलेलं कोण वाचतं? तेव्हापासून मी एक नियम पाळते. ताकद, कंपनी किंवा पॅकिंग यातलं काहीही बदललं, तर ते औषध शिपायाच्या हाती एकटं पाठवायचं नाही. स्वतः जायचं, चार्ज सिस्टरला दाखवायचं, व्हायलवर ठळक स्टिकर लावायचं आणि पुढच्या शिफ्टच्या हँडओव्हरमध्ये लिहायला लावायचं. शक्य असेल तर अख्ख्या आयसीयूत इन्सुलिनची एकच ताकद ठेवा. लाल टोपीची सिरिंज ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची, हे तुम्हाला माहीत असतं. पण दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये पडलेल्या दिसल्या की त्या वेगळ्या करणं हेही आपलंच काम आहे.

पंपांचा विषय निघाला आहे तर नॉरअॅड्रेनलिनकडे येऊ. रक्तदाब कोसळलेल्या पेशंटच्या उशाशी जो पंप मंद आवाज करत असतो, तो बहुतेक वेळा ‘नॉरअॅड’चा. याचा हिशेब तुम्हाला झोपेतून उठवलं तरी करता आला पाहिजे. पेशंट ६० किलोचा आणि डोस किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम असेल तर एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम होतात. ३६० भागिले ८०, तासाला साडेचार मिली. हे एकदा हातानं मांडून बघा, मग पंपावरचा आकडा बघून पेशंट कुठल्या डोसवर आहे ते उभ्या उभ्या सांगता येतं. यात एक खाच आहे. काही लेबलांवर बायटार्ट्रेट या क्षाराचं वजन दिलेलं असतं, काहींवर मूळ नॉरअॅड्रेनलिनचं. २ मिलिग्रॅम क्षारात मूळ औषध साधारण १ मिलिग्रॅमच असतं. ब्रँड बदलला आणि हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही, तर त्याच वेगानं दुप्पट किंवा निम्मं औषध जाऊ शकतं.

दुसरं म्हणजे प्रत्येकानं आपल्या मर्जीनं सिरिंज भरायची नाही. कुणी ४ मिलिग्रॅम घालतं, कुणी ८, आणि शिफ्ट बदलली की नवी सिस्टर पंपावरचा ‘दहा’ आकडा बघून कशाचे दहा ते विचारत राहते. आयसीयूच्या प्रमुखांबरोबर बसून नॉरअॅड, अॅड्रेनलिन, डोब्युटामिन, मिडॅझोलॅम, फेन्टानिल, इन्सुलिन, हेपॅरिन यांची ठरावीक तीव्रता लिहून घ्या आणि तो तक्ता औषध मिसळण्याच्या टेबलासमोर भिंतीला लावा. माझ्या मते नव्या फार्मासिस्टानं पहिल्या तीन महिन्यांत करायचं सर्वांत मोलाचं काम हे आहे. त्यासाठी ना पैसे लागतात ना परवानगीचे सतरा कागद. हेपॅरिनच्या ५ मिलीच्या व्हायली ५,००० युनिटच्याही येतात आणि २५,००० च्याही, तेही त्या तक्त्यात लिहा.

पोटॅशियम क्लोराइडवर मी जरा थांबते. १० मिलीच्या त्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि दिसायला ती इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्यूलसारखीच असते. पाणी समजून कुणी ती थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. म्हणून तिची जागा पाण्याशेजारी नाही, ट्रॉलीच्या उघड्या कप्प्यातही नाही. कुलपात, वेगळ्या डब्यात, ‘पातळ केल्याशिवाय देऊ नये’ अशा लाल पट्टीसह ठेवा. हाताच्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त जाऊ नये. सेंट्रल लाइन आणि मॉनिटर असेल तरच त्यापुढे, आणि तेही डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरनं. अॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियमसारखी स्नायू लुळे करणारी औषधंही अशीच वेगळी ठेवा. व्हेंटिलेटरवर नसलेल्या माणसाला ती चुकून गेली तर तो पूर्ण शुद्धीत असताना श्वास घेऊ शकत नाही.

आता मूत्रपिंडं. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२ दिसलं की सगळे निर्धास्त होतात. पण सत्तर वर्षांच्या, पन्नास किलोच्या आजी समोर असतील तर गणित करून बघा. १४० मधून वय वजा करा, राहिले ७०. गुणिले वजन ५०, झाले ३,५००. भागिले ७२ गुणिले १.२, म्हणजे ८६.४. उत्तर आलं साधारण ४०, आणि बाई असल्यानं गुणिले ०.८५. म्हणजे क्लिअरन्स जेमतेम चौतीस. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं हे सूत्र १९७६ सालचं आहे, पण रोजच्या कामाला आजही तेच उपयोगी पडतं. या आजींना मेरोपेनेम १ ग्रॅम आठ तासांनी चालू असेल तर ते बारा तासांनी हवं. व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन, लेव्हेटिरासिटॅम, एनॉक्सापॅरिन या सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचा.

मात्र सूत्राच्या आहारी जाऊ नका. आयसीयूत क्रिएटिनिन रोज बदलतं, त्यामुळे आजचा आकडा कालची गोष्ट सांगत असतो. लघवी किती होते आहे ते चार्टवर बघा. आणि सेप्सिसच्या पहिल्या एक-दोन दिवसांत अँटिबायोटिकचा डोस घाईनं कापायला मी सहसा सांगत नाही. त्या वेळी मूत्रपिंडं द्रवाअभावी रुसलेली असतात, दोन दिवसांत सुधारतात, आणि तोवर कमी पडलेलं अँटिबायोटिक जिवावर बेतू शकतं. उलटही होतं. घोडबंदर रस्त्यावरच्या अपघातात सापडलेला पंचविशीचा धडधाकट मुलगा आयसीयूत येतो तेव्हा त्याची मूत्रपिंडं नेहमीपेक्षा जोरात काम करत असतात आणि औषध भराभर बाहेर टाकतात. त्याला पुस्तकातला डोस अपुरा पडतो. कोलिस्टिनबद्दल एवढंच, की आपल्याकडे ते दशलक्ष युनिटांत लिहितात आणि परदेशी पुस्तकांत मिलिग्रॅममध्ये. तेही कुठे मूळ औषधाचे मिलिग्रॅम, कुठे क्षाराचे. १ दशलक्ष युनिट म्हणजे क्षाराचे सुमारे ८० मिलिग्रॅम आणि मूळ कोलिस्टिनचे साधारण ३३. एकक न लिहिलेली कोलिस्टिनची ऑर्डर मी फोन करून विचारल्याशिवाय भरत नाही.

पावसाळा लागला की आमच्याकडे डेंग्यू आणि लेप्टो येतात. पाणी तुंबलेल्या वस्तीतून चालत गेलेला माणूस आठवड्यानं तापानं फणफणतो, डोळे पिवळे, लघवी कमी. त्याला सेफ्ट्रिअॅक्सोन चालू होतं आणि एका बाजूला आरएलची बाटली लटकत असते. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रिअॅक्सोन आणि कॅल्शियम एका नळीत एकत्र आले की बारीक खडे तयार होतात. मोठ्या माणसात एक संपवून, नळी सलाईननं धुऊन मग दुसरं देता येतं. नवजात बाळाला मात्र ही जोडी चालतच नाही. अशी न जमणारी जोडपी पाठ असावी लागतात. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की पांढरं होतं, त्याला सलाईनच हवं आणि मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेग नको. अॅम्फोटेरिसिनचं उलट, त्याला डेक्स्ट्रोज हवं, सलाईनमध्ये ते फाटतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या लाटेत या औषधाचं नाव घरोघरी पोचलं. तेव्हा साधं अॅम्फोटेरिसिन आणि लायपोसोमल यांच्यात गल्लत होऊ नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचो, कारण साधं किलोला १ मिलिग्रॅमच्या आसपास देतात आणि लायपोसोमल ३ ते ५. लायपोसोमलचा डोस साध्याच्या व्हायलींतून गेला तर पेशंटची मूत्रपिंडं जातात. अमिओडॅरोनच्या पंपालाही डेक्स्ट्रोजच. व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम एका तासाच्या आत संपवू नका, नाहीतर अंग लालबुंद होतं आणि दाब उतरतो. मिसळताना डोळ्यांसमोर धरून बघा. ढगाळ दिसलं, कण दिसले, तर कितीही महागाचं असो, फेकून द्या.

राइल्स ट्यूबचा वेगळा अभ्यास करा. फार्मसीच्या पुस्तकात याला दोन ओळी मिळतात, पण आयसीयूतले निम्मे पेशंट नाकातल्या नळीवर असतात. एकदा सिस्टरांच्या टेबलाशी उभी असताना खलबत्त्यात गोळ्या कुटण्याचा आवाज ऐकला. बघितलं तर निफेडिपिनची रिटार्ड गोळी. दिवसभर थोडीथोडी झिरपायची ती एका घोटात पोटात जाणार होती. सिस्टरांचा दोष नव्हता. चार्टवर लिहिलं होतं, नळीतून द्यायचं होतं, त्यांनी कुटलं. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, रिटार्ड असं काही असेल तर ती गोळी कुटायची नाही, दुसरा प्रकार सुचवायचा. पोटातल्या आम्लापासून वाचावी म्हणून वेष्टण दिलेली पॅन्टोप्राझोलची गोळीही कुटून फुकट जाते. फेनिटॉइन फीडबरोबर गेलं तर नीट शोषलं जात नाही, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर एक-दोन तास फीड बंद ठेवायला सांगा आणि त्या बदल्यात फीडचा वेग वाढवून घ्या, नाहीतर पेशंट उपाशी राहतो. प्रत्येक औषधानंतर नळीत पाणी सोडणं हे लहान काम आहे, पण तुंबलेली नळी बदलताना पेशंटला होणारा त्रास एकदा डोळ्यांनी पाहिला की ते लहान वाटत नाही.

राउंडला उभं राहणं ही फार्मासिस्टाला मिळालेली खरी जागा. १९९९ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या आयसीयूचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फार्मासिस्ट राउंडमध्ये सामील झाल्यावर ऑर्डर लिहिताना होणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या औषधी दुष्परिणामांचं प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आलं होतं. आपल्या हॉस्पिटलात तुम्हाला राउंडला कुणी बोलावणार नाही. सकाळी साडेआठला वहीपेन घेऊन स्वतःच जा आणि मागे उभे राहा. पहिला आठवडा तोंड उघडू नका, फक्त लिहा. बेल्जियमचे डॉ. ज्याँ-लुई व्हॅन्साँ यांनी २००५ मध्ये राउंडसाठी एक सोपी ओळ दिली, ती जगभर ‘फास्ट हग’ म्हणून ओळखली जाते. पेशंटचं अन्न, वेदना, गुंगी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध, उशाची उंची, जठरातला व्रण, साखर. या सातांतल्या पाच गोष्टी औषधाच्याच आहेत. दहा पेशंटांसमोर ही सात नावं मनात म्हणून बघा. कुणाचं हेपॅरिन ऑपरेशनसाठी थांबवलेलं पुन्हा सुरू करायचं राहिलेलं असतं, कुणी तोंडानं जेवायला लागलेलं असतं तरी पॅन्टोप्राझोल शिरेतूनच चाललेलं असतं.

बोलण्याची रीत सांभाळा. ‘सर, हा डोस चुकलाय’ असं सगळ्यांसमोर म्हटलंत तर डोस दुरुस्त होईल, पण पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही. ‘सर, चार नंबरच्या आजींचं क्लिअरन्स चौतीस येतंय, मेरोपेनेम आठ तासांनी चालू आहे, बारा तासांनी करू या का?’ असा आकडा आणि पर्याय एकत्र द्या. आरएमओ रात्रभर जागे असतात, त्यांना पुस्तक नको असतं, उत्तर हवं असतं. सुचवलेलं मान्य झालं नाही तरी तारीख-वेळ घालून आपल्या वहीत नोंद ठेवा. प्रश्न जिवाचा असेल, म्हणजे पोटॅशियमचा वेग किंवा दहापट डोस, तर मात्र संकोच नको. औषध हातात ठेवून कन्सल्टंटना फोन लावा. आणि सिस्टरांशी मैत्री करा. आयसीयूत औषधांचं काय चाललं आहे ते तुमच्या संगणकाआधी त्यांना कळतं.

साठ्याबद्दल सांगायचं तर ठाणे जिल्ह्याच्या आयसीयूला शहराइतकंच खेड्याचं भान लागतं. शहापूर-मुरबाडकडून सर्पदंशाचे पेशंट येतात. सर्पविषावरच्या लसीच्या पहिल्या डोसाला साधारण दहा व्हायली लागतात. मूल असलं तरी तेवढ्याच, कारण सापानं सोडलेलं विष माणसाचं वजन बघून कमी होत नाही. पावडर १० मिली पाण्यात विरघळायला वेळ घेते. घाई करून जोरात हलवली तर फेस होतो, तळहातात धरून हलकेच गोल फिरवावी लागते. दहा व्हायली एकट्या सिस्टरनं विरघळवायच्या म्हणजे मोलाची मिनिटं जातात. अशा वेळी काउंटर सोडून वर जा, बाही सरसावून बसा, आणि बाजूला अॅड्रेनलिन भरून तयार आहे ना ते बघा. कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटला अॅट्रोपिन लागतं. आपल्याकडची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची आणि गरज कधी कधी तिसेक मिलिग्रॅमची, म्हणजे पन्नास अँप्यूल, तेही पहिल्या काही तासांत. ट्रॉलीत दहा आहेत म्हणून समाधान मानू नका, तळमजल्यावर शंभर आहेत का ते विचारा.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला गर्दी लोटते आणि आसपासची वाहतूक वळवली जाते. त्या दिवसांत डिस्ट्रिब्युटरचा माणूस नेहमीच्या वेळेला येईल हे गृहीत धरू नका. दोन-तीन दिवसांचा जास्तीचा साठा आधीच भरा, विशेषतः फ्रिजमधला. फ्रिजचं तापमान २ ते ८ अंश, दिवसातून दोनदा बघून लिहायचं, आणि जेवणाचा डबा त्यात ठेवायचा नाही. क्रॅश कार्टला नंबरचं सील लावा, सील तुटलं की त्याच शिफ्टला भरून पुन्हा लावा. जे आधी संपणार ते पुढे ठेवा. मॉर्फिन-फेन्टानिल दुहेरी कुलपात ठेवा. प्रत्येक रिकामी अँप्यूल परत घ्या, आणि उरलेलं औषध दोघांच्या सहीनं टाका. हे रजिस्टर उद्यावर ढकललं की तिसऱ्या दिवशी हिशेब लागत नाही.

खरेदीच्या टेबलावर बसाल तेव्हा १९८६ आठवा. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलात ग्लिसरीन दिलेले चौदा पेशंट दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीची चौकशी केली. आपल्या पिढीला त्यातून मिळालेला धडा रोजच्या कामातला आहे. कुणाकडून घेतलं, कुठल्या बॅचचं घेतलं, कुठल्या पेशंटला गेलं, हे तीन प्रश्न कुणी मध्यरात्री विचारले तरी उत्तर पाच मिनिटांत देता आलं पाहिजे. दोन पेशंटांना एकाच बॅचनंतर थंडी वाजून ताप आला तर ती बॅच लगेच बाजूला काढा, वरच्या मजल्यावरचीही परत मागवा, आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. दुष्परिणामाची शंका असेल तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची टोल फ्री लाइन आहे, १८००-१८०-३०२४. शंका पुरेशी आहे, पुरावा गोळा करत बसायची गरज नाही.

नातेवाइकांना विसरू नका. आयसीयूच्या दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले काका हजारोंची पिशवी आत देतात आणि त्यातलं काय वापरलं गेलं हे त्यांना कधी कळत नाही. न वापरलेलं सीलबंद औषध परत घ्या आणि त्याचे पैसे त्यांना मिळतील असं बघा. ऑर्डर बदलली की जुन्या औषधाचं इंडेंट त्याच वेळी थांबवा. एकाच गटाची दोन औषधं चालू असतील तर राउंडलाच विचारा. स्वस्त ब्रँड सारख्याच खात्रीचा असेल तर सुचवा, आणि मावशींना साध्या मराठीत सांगा की हे तेच औषध आहे. ‘यानं माणूस वाचेल ना?’ असा प्रश्न आला तर त्याचं उत्तर आपण द्यायचं नसतं. डॉक्टरांची भेट घडवून द्या आणि तोवर दोन मिनिटं शेजारी बसा.

शिफ्ट संपताना हँडओव्हर तोंडी करू नका, खाटेगणिक लिहा. चार नंबर, मेरोपेनेम बारा तासांनी केलं, पुढचा डोस रात्री दहाला. सहा नंबर, नॉरअॅड तासाला १५ मिली, म्हणजे सिरिंज साडेतीन तासही पुरत नाही, पहाटेपर्यंतच्या अँप्यूल वर ठेवल्या आहेत, मोजून सही घेतली. नऊ नंबर, फेनिटॉइनसाठी फीड आठ ते दहा बंद. इन्सुलिन आजपासून पुन्हा ४० ची, चार्ज सिस्टरांना दाखवली, फ्रिजमधल्या १०० च्या दोन व्हायली खाली परत आणल्या.